मागलं चाक

१९३१ च्या मे महिन्यात, एका सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी चनमल्लप्पा शेटनं नवी पेठेतल्या सायकल दुकानाचा आतला पडदा ओढला. मागं त्याच्या मोटारसायकलचं मागलं चाक मांडीशी धरून शरणम्मा शेवटचा स्पोक आवळत होती.

तिचा नवरा शंकरप्पा मिस्त्री पडदा परत लावायला धावला. दिवाळीत साखळीत सापडून त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. तेव्हापासून प्रत्येक चाक ती बसवायची आणि गिऱ्हाइकापुढं तो ढकलत आणायचा. पेठेत कुणाला वास लागला नव्हता.

"मिस्त्री, माझ्या गाडीचं चाक बाईच्या हातात?" शेट ओरडला. "आज बार्शीला जायचंय, रस्ता ठाऊक हाय नव्हं? नुसता दगड. माझी कवटी फुटली म्हंजे? दुसरीकडं सगळं खोलून बसवून घेतो. आणि पेठेला सांगतो, हितं बांगड्या चाकं बसवतात!"

समोरचा कापडवाला खो खो हसला. "मिस्त्री, मग बांगडीला बी तेल घाल की!"

शंकरप्पाच्या जिभेवर खोटं तयार होतं : ती नुसती पुसत होती, मालक. तेवढ्यानं दुकान वाचलं असतं. पण शरणम्मा आधीच उठली होती. तिनं चाक गाडीला चढवलं, गरकन फिरवलं आणि रिमपाशी खिळा धरला. रिम खिळ्याला कुठंच घासली नाही; चाक जराही वाकडं नव्हतं.

"पाच स्पोक तुटले होते," ती म्हणाली. "शेजारचे चार ताणले गेले होते, ते बी बदलले. पेठेत सांगायचंच असंल तर आधी चालवून सांगा. मी मागं बसते. मोडलं तर दोन कवट्या फुटतील."

"बार्शीपतुर? तू?"

"व्हय. का, बाई मागं बसली की गाडी चालत न्हाय?"

आता पेठ शेटला हसली. तो मिस्त्रीकडं वळला. "अरे, सांग की हिला!"

शंकरप्पानं खुंटीवरची घोंगडी काढली आणि घडी घालून मागच्या कॅरिअरवर बांधायला घेतली. बोटांवाचून गाठ बसेना, तेव्हा दोरी दातांत धरून ओढली.

"दिवाळीपासनं चाकं हीच बसवती," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तुमा सगळ्यांच्या सायकली हिच्याच हातच्या हायत."

कापडवाल्यानं भिंतीला टेकवलेल्या आपल्या सायकलीकडं पाहिलं. त्याचं हसू थांबलं.

शरणम्मानं पाना कमरेला खोचला. साडेसातला गाडी सुटली. शंकरप्पानं पडदा उतरवला, फाडला आणि त्याची हात पुसायची फडकी केली. दिवसभरात चौघांनी येऊन "काय कळलं?" म्हणून विचारलं. दोघांनी दुरुस्तीला टाकलेल्या आपल्या सायकली तशाच परत नेल्या.

साडेपाचला बार्शीहून प्रवाशांची सर्व्हिस मोटार आली. ड्रायव्हर म्हणाला, दुपारी वाटेतल्या वैरागच्या पुढं, बार्शीच्या अंगाला, बाभळीखाली ती मोटारसायकल उभी दिसली. शेट दगडावर बसला होता. बाई चाकापाशी वाकून काहीतरी आवळत होती.

"कंचं चाक?" शंकरप्पानं विचारलं. "पुढलं का मागलं?"

ड्रायव्हरनं आठवून पाहिलं. धूळ लई होती, तो म्हणाला. बाईच्या हातात पाना होता, तेवढंच दिसलं.