उतरलेला ताप

"नव्व्याण्णव! सकाळी एकशेतीन होता, आता नव्व्याण्णव." फोनवर पद्मावतीअक्कांना आनंद मावत नव्हता. "तुझ्या लॅबमधला तो पालाच गं. माझ्या अंगणातही तेच झाड आहे ना. काढा करून वेदिकाला स्वल्प पाजला."

नीलाच्या हातात उंदीर होता. तिने तो कसाबसा पिंजऱ्यात सोडला.

येलहंक्याबाहेरच्या त्या प्रयोगशाळेत ती सहा वर्षं टेक्निशियन होती. उंदरांना ताप आणायचा, पानांचा अर्क पाजायचा, तासातासाला ताप मोजायचा. या पाल्याने ताप झरझर उतरे. शेजारच्या अक्का तिच्या पाच वर्षांच्या वेदिकाला दिवसभर सांभाळत. त्यांना तिनेच आठवड्यापूर्वी कौतुकाने हे सांगितलं होतं. आणि आज सकाळी जास्त मात्रेचे चार उंदीर मेलेले सापडले. यकृतं पिवळी पडलेली.

"अक्का, आणखी थेंबभरही देऊ नका. मी निघालेय."

"का गं? काय झालं?"

"दवाखान्यात जायचंय, वेदिकाला तयार ठेवा," म्हणत नीला धावत बाहेर पडली.

"अण्णा, बेगा, बेगा!" ती रिक्षावाल्याला लवकर चल म्हणून विनवत होती. पण रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी सरेपर्यंत पोरीच्या वजनाला किती मात्रा झाली असेल, हे तिने मनात तीनदा मांडून पाहिलं. तिन्ही वेळा आकडा निराळा आला.

दवाखान्यात वेदिका सुई टोचल्यावर जोरात रडली. त्या रडण्यानेच नीलाला जरा धीर आला. अक्का कोपऱ्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या. कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "मुलगी ठीक आहे. दोनच चमचे गेलेत पोटात."

नीलाने वेदिकाला जवळ घेतलं. मग तिने वर पाहिलं. खिडकीच्या उजेडात अक्कांचे डोळे हळदीसारखे दिसत होते.

"अक्का... तुम्ही घेतलात तो काढा?"

"पोरीला कधी द्यायची वेळ आली, तर आधी आपण नको का बघायला?" अक्का हळूच म्हणाल्या. "आठ दिवस रोज पेलाभर घेतला. स्वल्प मळमळायचं, एवढंच."

नीलाने त्यांचा हात धरला. तिने डॉक्टरांना हाक मारली.

अक्का अकरा दिवस इस्पितळात होत्या. वाचल्या. घरी आल्यावर वेदिकाला पुन्हा सांभाळू लागल्या. फक्त, तिला साधं केळं द्यायचं झालं, तरी आधी प्रयोगशाळेत फोन करत.

"देऊ ना गं?" असं विचारून नीला हो म्हणेपर्यंत केळं सोलत नसत.