ओठांतला वैरी

महाराजांनी ताईच्या तळहातात सुई टोचली आणि ती हलली नाही. सभागृहातल्या दोनशे माणसांनी हात जोडले.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, कपडे शिवणारी. दोन वर्षांपूर्वी कात्रीने तिचं मनगट कापलं. जखम महिन्यात भरली, पण त्या हाताला नुसती ओढणी घासली तरी ती कळवळायची. मशीन झाकूनच ठेवलं होतं.

"वैरी कण्यात बसलाय," महाराज म्हणाले. "लेप त्याला ओढून काढतो. गोळ्या खाल तर परत येईल." लेप लावायचा, हात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा आणि तासभर मौन पाळायचं. वैऱ्याला निघायला तासभर लागतो म्हणे. सुईआधी ताईनेही तसंच केलं होतं.

मला काहीच वाटलं नाही. ताईचं कळवळणं ऐकून ऐकून माझे कान बधिर झाले होते. खरं सांगायचं तर ही सोंग करतेय, असंही मला वाटू लागलं होतं.

घरी येऊन ताईने डॉक्टरांच्या गोळ्या केरात टाकल्या आणि मशीनवरची चादर काढली. सवयीने दोऱ्याचं टोक लेपाने चिकट झालेल्या चिमटीत पिळलं, ओठांत धरून ओलं केलं, सुईत ओवलं. असं चार-पाचदा झालं आणि ती थांबली.

"ओठ बधिर झालेत. दाढ काढताना झाले होते तसे." मग बोटांवरचा लेप निरखत म्हणाली, "माझ्या ओठांत कुठला वैरी होता गं?"

संध्याकाळी हातातला वैरी पुन्हा कामावर हजर झाला.

लेपात कातडी बधिर करणारं औषध असणार, असं ताईला गोळ्या देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कणा मात्र खरा आहे. मज्जारज्जूत ग्लिया नावाच्या पेशी असतात, चेतापेशींची देखभाल करणाऱ्या. नस दुखावली की त्या खवळतात. जखम भरल्यावर त्यांनी शांत व्हायचं, तुमच्या झाल्या नाहीत. त्या रसायनं सोडत राहतात, म्हणून साधा स्पर्शही दुखतो. हात बधिर करून त्या कशा थांबतील?"

पूर्ण बरं होईल का, ते सांगता येत नाही, गोळ्यांनी कमी होईल, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

पुढच्या सभेत ताई उभी राहिली. "महाराज, हा लेप स्वतःच्या ओठांना लावा आणि मग बोला."

महाराजांनी डोळे मिटले. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी लेपाच्या वाटीत बोट बुडवून ओठाला लावलं. थोड्या वेळाने त्या ओठ चिमटत म्हणाल्या, "लागतच नाही की." एकेक जण उठून बाहेर पडला.

लेप लावणाऱ्याला आधी विचारा, त्यात काय घातलंय. आणि दुखतंय म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवा. मी दोन वर्षं ठेवला नाही.