पगडीखालचे टाके

२०२२ साल. कार्तिक नुकताच संपला होता आणि शिप्रा नदीवरून गार वारा सुटला होता, तेव्हा माझे पती यज्ञेश्वर गेले. जन्मभर त्यांनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. शेवटची काही वर्षं मात्र त्यांना काहीच आठवत नसे. मला ते 'बाई' म्हणत आणि चहा दिला की आभार मानत.

आजाराची सुरुवात झाली तेव्हाच त्यांनी मेंदू दान करायचं ठरवलं होतं. आमची मुलगी निहारिका इंदूरला मेंदूवरच संशोधन करते. तिने समजावून सांगितलं होतं की एका पेशीतून रसायन सुटतं आणि शेजारच्या पेशीवरच्या रिसेप्टरला जाऊन बिलगतं. हे रिसेप्टर म्हणजे प्रथिनांची दारंच. काही दारांना फॉस्फेटचा कण चिकटला की निरोप जोरात पोचतो, निघाला की मंदावतो. आपलं शिकणं, लक्षात ठेवणं बरंचसं या चिकटण्या-सुटण्यावर चालतं. श्वास थांबला की कण चिकटवणाऱ्या एन्झाइमचं इंधन संपतं, काढणारं मात्र काही वेळ काम करत राहतं. म्हणून उशीर चालत नाही.

यज्ञेश्वर हसले होते. "म्हणजे मेल्यावरही माझं विसरणं चालूच."

ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना वरणभात भरवत होते. दोन घास झाले आणि ते म्हणाले, "विनू, मीठ कमी आहे." लग्नानंतर त्यांनी मला दिलेलं ते नाव किती वर्षांनी ऐकलं! पुढे ते काही बोलले नाहीत. पहाटे गेले.

निहारिका माणसं आणि बर्फाची पेटी घेऊन आली, तोवर माझे दीर विनायक शहरातल्याच नानाखेड्याहून येऊन दारात खुर्ची टाकून बसले होते. पुण्याहून माझ्या थोरल्या मुलाने, विक्रांतने, त्यांना फोनवर बजावलं होतं की तो येईपर्यंत बाबांना कुणी हात लावायचा नाही. थोरला मुलगा येईपर्यंत देह राखायचा, ही आमच्यातली रीतच.

"वहिनी, दादाचं डोकं चालत नव्हतं तेव्हा ते कुणाला लागलं नाही," भावजी म्हणाले. "आता नेऊन काय करून राहिले हे लोक?"

निहारिका वाद घालत नव्हती. ती नुसती बापाच्या कपाळाकडे पाहत होती. ऊन ओसरीवर आलं. शेजारच्या मिश्राइन हळूच म्हणाल्या, "बेटे का इंतज़ार तो करना पड़ता है, काकीजी." मला ते कळत होतं. पण आत काय सुटत चाललंय, तेही कळत होतं.

"भावजी, पगडी काढा," मी म्हटलं.

शिंद्यांच्या दरबारात असलेल्या आमच्या पूर्वजाची ती पगडी, फक्त लग्नकार्यात बाहेर येणारी. भावजींना आधी उमगलंच नाही. मग मी सांगितलं, चेहरा तसाच राहणार आहे, टाके पगडीखाली जातील. विक्रांतला बाबा दिसतील.

भावजींनी खुर्ची बाजूला घेतली.

मेंदू काढून झाल्यावर दुपारी यज्ञेश्वरांना पगडी घालून दवाखान्यातून घरी आणलं. देखणे दिसत होते. संध्याकाळी विक्रांत आला, पायांवर डोकं ठेवलं आणि उठताना त्याने पगडी उचलली. पाहिलं. पुन्हा नीट बसवली. चक्रतीर्थाच्या स्मशानात अग्नी त्यानेच दिला. बोलला तो दहाव्याला, रामघाटाच्या पायऱ्यांवर.

"आई, तू बाबांना माझी वाट पाहू दिली नाहीस."

काही महिन्यांनी मी निहारिकेला विचारलं, त्या 'विनू'ची काही खूण बाबांच्या मेंदूत सापडली का. फॉस्फेटच्या चटकन सुटणाऱ्या खुणा त्या सकाळच्या खोळंब्यातच गेल्या होत्या, टिकणाऱ्या काही मिळाल्या, असं ती म्हणाली. "पण आई, कुठली खूण कशाची होती, हे कुणालाच सांगता येत नाही गं."

विनायक भावजी पुढच्याच उन्हाळ्यात गेले. निहारिका इंदूरलाच आहे. बाबांचे ते नमुने अजून तिच्या कामात आहेत. विक्रांत दर रविवारी फोन करतो, माझं बीपी विचारतो, बहिणीचं नाव काढत नाही. पगडी तो पुण्याला घेऊन गेला. मागच्या वर्षी नातवाच्या मुंजीत तिची पूजा झाली म्हणे. मला आमंत्रण होतं, निहारिकेला नव्हतं. मी गेले नाही.