प्रार्थनेचा परवाना

"व्यवसाय?" काचेपलीकडच्या मुलीनं विचारलं.

"प्रार्थना," ताता सेनोबिओ म्हणाले.

मुलीची बोटं थांबली. तिनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाद्री आहात का?"

"छे छे, पोरी. पाद्री लग्नंही लावतात, बारशीही करतात. मी फक्त मेलेल्यांसाठी."

"अहो भावजी, घाबरवू नका तिला!" मी मध्ये तोंड घातलं. मला म्हणूनच नेलं होतं. मी पावाच्या भट्टीवाली बाई, चिडक्या गिऱ्हाइकांशी माझा रोजचा सामना. "हे बघ पोरी, आमच्या लोकांत कुणी गेलं की थडग्यापाशी प्रार्थना म्हणायला हे लागतात. अख्ख्या बाहो फ्लोरेस वस्तीत ह्यांच्यासारखा आवाज नाही. झोपलेलं माणूस ऐकत राहील असा."

"आणि लोक त्याचं काय देतात?"

"पाव," ताता म्हणाले. "कधी फळं. कुणी बटाट्याचा रस्सा."

करकचेरीतला तो दिवस मला अजून स्वप्नात पाहिल्यासारखा आठवतो. उंच छत, पंखे फिरताहेत पण वारा नाही. बाकांवर माणसं छातीशी कागद धरून गप्प बसलेली, आणि मधूनच कुठूनतरी कुणाचा तरी आकडा पुकारला जातोय. आमच्या मेलेल्यांचे जीव नोव्हेंबरात खाली येण्याआधी जिथे ताटकळत असतील ती जागा अशीच असेल, असं मला उगाच वाटत राहिलं. लेआंद्राही अशाच एखाद्या बाकावर बसली असेल, वेणी पुढे घेऊन.

लेआंद्रा म्हणजे तातांची बायको. माझी मैत्रीण. आम्ही एकाच बसनं सीमा ओलांडून ब्वेनोस आयरेसला आलो होतो. ती शिवणाच्या कारखान्यात बसून बसून छातीच्या दुखण्यानं गेली. फ्लोरेसच्या दफनभूमीत, भिंतीकडच्या ओळीत आहे. आमच्यात गेलेलं माणूस तीन वर्षं घरी जेवायला येतं. नोव्हेंबरच्या एक तारखेला दुपारी येतं, दुसऱ्या दिवशी दुपारी थडग्यावरून परततं. तिसऱ्या वर्षी त्याला कायमचा निरोप द्यायचा. त्याचं ताट मांडायला घरचं माणूस लागतं, आणि प्रार्थना म्हणायला बाहेरचं. घरच्यानं म्हटली तर जीव घरच्या आवाजाकडे वळून पाहतो, त्याचा पाय निघत नाही. लेआंद्राचं हे तिसरं वर्ष होतं.

आणि नेमकं त्याच वर्षी तातांच्या इथं राहण्याच्या तात्पुरत्या कार्डाची मुदत संपत होती. आधी ते भाजीबाजारात पोती उचलायचे. गुडघे गेल्यावर उरली ती प्रार्थना. कायमचं कार्ड हवं असेल तर प्रामाणिक पोटापाण्याचा धंदा दाखवा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. नाहीतर परत जा. परत म्हणजे कुठे? गावात आता दारं लावायलाही कुणी उरलेलं नाही. आणि नोव्हेंबरात लेआंद्रा यायची ती इथे, फ्लोरेसला. ती आली आणि ताट मांडलेलं नसलं तर? त्या एका विचारानं ताता रात्ररात्र कूस बदलत असायचे, हे मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

"यादीत नाहीये," मुलगी म्हणाली. ती चांगली होती हो. तिनं अख्खी यादी वाचून काढली. "कुत्री फिरवणारे आहेत. पत्त्यांवर भविष्य सांगणारे आहेत. वाढदिवसाचे विदूषक आहेत..."

"विदूषक आहेत आणि आम्ही नाही?" मी म्हटलं.

"थांबा, बाई. 'स्मृतिविधी व तत्सम सेवा.' चालेल?"

तातांनी डोळे मिटून तो शब्द मनात म्हणून पाहिला. "चांगला वाटतोय," ते म्हणाले.

मग तिनं समजावलं. दर महिन्याला ठरलेला भरणा. काम केलं की पावती. आणि शेवटी ती हसत म्हणाली, "हे प्रमाणपत्र कामाच्या जागी दिसेल असं लावायचं, बरं का." तिनं ते सगळ्यांनाच सांगायचं म्हणून सांगितलं. पण तिला कुठे ठाऊक, तातांना सांगितलेली गोष्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!

भरण्याचं मी माझ्याकडे घेतलं. "तुम्ही सकाळी माझं पीठ चाळून द्या, महिन्याचं मी बघते," असं म्हटल्यावर ते लगेच कबूल झाले. थंडीभर ते भट्टीपाशी पीठ चाळत बसायचे. पीठ चाळता चाळता गुणगुणायचे, आणि त्या उबेत त्या आवाजानं माझी डुलकी लागायची. डुलकीत लेआंद्रा यायची. पाव उलटेपालटे करून बघायची, तिची जुनी खोड. एकदा तिनं विचारलं, "माझ्या माणसाला कागद मिळाला का गं?" मी दचकून जागी झाले. समोर ताता पिठानं पांढरे झालेले.

"भावजी, लेआंद्रा विचारत होती."

"सांगायचं ना, अर्ज आत गेलाय म्हणून," ते म्हणाले, जणू ती शेजारच्या गल्लीत राहते.

नीलमोहर फुलायला लागले तेव्हा कार्ड आलं. कायमचं. मी त्या दिवशी ओरडून अख्खी गल्ली गोळा केली. चिचा, आमची मक्याची दारू, काढली, पहिला घोट जमिनीला दिला. सगळ्यांनी कार्ड हातात घेऊन पाहिलं, तातांचा फोटो कसा भुतासारखा आलाय म्हणून थट्टा केली. ताता लाजून टोपीशी खेळत होते. त्यांच्याइतकं सुखी माणूस मी त्या दिवशी तरी पाहिलं नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेला मात्र ते परवाना गळ्यात अडकवून आले.

प्रमाणपत्र त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून, त्याला बुटाची नाडी बांधून छातीवर लटकवलं होतं. खाली सरकारी शिक्का. वर मोठ्या अक्षरांत 'स्मृतिविधी व तत्सम सेवा'. माझ्या हातातली पावांची पाटी खाली पडायची राहिली.

"हे काय सोंग?"

"कामाच्या जागी दिसलं पाहिजे, वहिनी. आणि माझी कामाची जागा हीच."

दफनभूमीत तेव्हा जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. थडग्याथडग्यावर चादरी पसरलेल्या, त्यांवर केळी, उसाची कांडी, मिठाया, आणि मधोमध पावाची बाळं. गेलेल्या माणसाच्या नावानं आम्ही ती भाजतो, त्यांना मातीचा रंगीत चेहरा लावतो. वरून निळी फुलं टपटप पडत होती. इथे नोव्हेंबरात उन्हाळा लागतो, आणि ऊन असं की सगळं पाण्याखालून पाहतोय असं वाटावं. कुणी बासरी वाजवत होतं, ती कुठून ऐकू येतेय ते कळत नव्हतं. दरवर्षी अशा वेळी तातांची नुसती ओढाताण चालते. "ताता, इकडे!" "ताता, आधी आमच्याकडे, माझी आई वाट बघतेय!" पावांनी त्यांची पोती भरतात. ते पाव वाळवून ताता महिनोन्महिने चहात बुडवून खातात.

त्या दिवशी हाक आली नाही.

मी पाहत होते. लोक त्यांच्याकडे बघायचे, चेहरा उजळायचा, मग नजर छातीवर जायची. पलीकडच्या थडग्यापाशी बसलेल्या एउलोहिआकडे ते स्वतःहून गेले. ती चादरीचा कोपरा सारखा करत राहिली, वर पाहिलंच नाही.

"रागावू नका, ताता," ती म्हणाली. "पण आता तुमचा धंदा झाला ना? पावती फाडायची म्हणतात. विकत घेतलेली प्रार्थना वर चढत नाही हो. माझ्या लेकाचं दुसरंच वर्ष आहे. उगाच विषाची परीक्षा कशाला?"

"मी पैसे घेत नाही, बाई. पूर्वीसारखाच पाव."

"तुम्ही घेत नसाल. पण सरकार घेतं ना?"

ताता टोपी हातात घेऊन उभे राहिले, मग हळूहळू परत आले. इलारिओन नावाचा त्यांचाच एक चेला, त्यांनीच तयार केलेला, तीन थडग्यांपलीकडे पाव गोळा करत होता. तो जाता जाता म्हणाला, "काय ताता, आता तुम्ही साहेबलोक. आमच्यासारख्या बिनपरवान्याच्या माणसांनी तुमच्याकडे यावं तरी कसं?" आणि हसून पुढे गेला. लेआंद्राची प्रार्थना त्यानंच म्हणायची, असं गेल्या वर्षीच ठरलं होतं.

तातांनी तिची चादर पसरून ठेवली होती. मीच भाजलेली मोठी बाळं, तिची आवडती पिवळी मिरची, कांद्याची पात, शिवणकामाची कात्री. सगळं मांडून झालं होतं. सूर्य डोक्यावर येत होता.

मला संताप आला. लोकांचा आला, इलारिओनचा आला, पण खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त त्या नाडीचा आला.

"काढा ते आधी," मी म्हटलं. "खिशात घाला. दोन मिनिटांत दहा माणसं धावत येतील. तिला निरोप द्यायचाय की त्या मुलीच्या आज्ञा पाळायच्यात?"

त्यांनी परवान्यावर हात ठेवला. काढतायत असं मला वाटलं. पण ते तसेच उभे राहिले.

"वहिनी, ह्याच्याचमुळे मी आज हिच्याजवळ आहे," ते म्हणाले. "ह्यानं मला इथं आणलं. आता लाज वाटून लपवू? हिला काय वाटेल?"

मग माझाही राग निवला. रडूच यायला लागलं. मी शालीच्या पदरानं तोंड पुसलं, हातातली पाटी खाली ठेवली आणि लेआंद्राच्या पायथ्याशी गुडघे टेकले.

"तुम्ही?" ताता म्हणाले.

"मी बाहेरचीच ना? मग!"

सुरुवात बरी झाली. थंडीभर पीठ चाळताना ऐकलेलंच होतं की. पण मधेच कुठेतरी शब्द संपले. मी पुन्हा मागून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडले. ताता माझ्या शेजारी होते. पुढचा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसत होता. पण त्यांनी तोंड उघडलं नाही. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर ती वळली असती. ज्याच्या आवाजावर निम्म्या वस्तीचे जीव मार्गी लागले, तो माणूस दोन्ही हातांनी टोपी घट्ट दाबून गप्प राहिला.

मग मी प्रार्थना सोडून दिली आणि नुसतं बोलले. "लेआंद्रा, ए लेआंद्रा. जेवलीस ना गं? मिरची आपल्याकडचीच आहे, इथली नाही. तुझ्या माणसाला कागद मिळाला. कायमचा. त्याला कुणी कुठे पाठवणार नाही. तो माझ्या भट्टीवर असतो, पोटाला कमी पडू देणार नाही मी. तू आता मागे बघू नकोस. जा बाई, सावकाश जा, वाट उन्हाची आहे."

चर्चच्या घंटा वाजायला लागल्या. बासरी थांबली. थडग्याथडग्यावर लोक उभे राहून चादरींवरचं सामान उचलायला लागले, आणि एक हलकी झुळूक आली. मी तिला झुळूकच म्हणते. कुणी काही म्हणो.

तातांनी सगळ्यांत मोठं पावाचं बाळ उचललं आणि वाकून, दोन्ही हातांनी माझ्या ओच्यात घातलं. प्रार्थनेवाल्याला देतात तसंच.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "पोचली असेल ना?"

हा प्रश्न आजवर प्रत्येक थडग्यापाशी लोकांनी त्यांना विचारलेला. माणूस रडत असताना, प्रश्न पुरा व्हायच्या आधी ते उत्तर द्यायचे. त्यांना कसं कळतं, असं मी कधी विचारलं नाही.

"पोचली, भावजी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग चादरीवरची फुलं झटकून एक टोक माझ्या हातात दिलं, आणि आम्ही दोघांनी मिळून तिची घडी घातली.