नग आणि वजन

नागपूरजवळच्या वाडीतल्या त्या ट्रान्सपोर्ट गोदामात सुपरवायझर रुपरावांनी एकदा 'शॉर्ट' म्हटलं की विषय संपायचा. गाडीतून उतरलेला माल बिल्टीशी, म्हणजे सोबतच्या पावतीशी, जुळला नाही, एखादा नग कमी भरला, की रुपराव तसा शेरा मारत आणि मालक पुढे काही न विचारता भाड्यातून पैसे कापत. इतक्या वर्षांत त्यांचा शेरा कधी खोटा ठरला नव्हता. त्यामुळे त्या सकाळी चहाच्या टपरीवर सगळ्या हमालांसमोर ते म्हणाले, "माह्या पेन्शनीत नग शॉर्ट हायेत," तेव्हा कोणाला ती थट्टा वाटली नाही.

झालं होतं असं. चार वर्षांपूर्वी रुपराव आणि शेजारच्या गोदामाचा सुपरवायझर कवडू यांनी एकाच दिवशी पेन्शन योजनेचं खातं उघडलं. पगार सारखा, दर महिन्याला जाणारी रक्कम सारखी, दोघांचेही पैसे सरकारी रोख्यांत. फक्त ते सांभाळणाऱ्या कंपन्या वेगळ्या. आता निवृत्ती दिवाळीवर आली, म्हणून रुपरावांनी मोबाइलवर खातं उघडून पाहिलं. युनिट पाच हजार चारशे. कवडूने आपला मोबाइल शेजारी धरला. सतरा हजार तीनशे.

"काय गा रुपराव," कवडू म्हणाला, "मी त शेठ झालो. तू काहून मागं राहिला?"

रुपयांची ओळ खालीच होती, पण रुपरावांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बिल्टीवर मालाची किंमत गिऱ्हाईक मनाला येईल ती लिहितं, गोदामवाल्याने नग मोजायचे, हीच त्यांची आयुष्यभराची रीत. आणि पेन्शनचे पैसे दर महिन्याला कोण पाठवतं? ऑफिसातली नवी अकाउंटंट, मेघा.

दुपारी ते तिच्या टेबलापुढे उभे राहिले.

"मेघा, मालक चार वाजता येऊन राहिले. त्यांच्या कानावर घालाच्या आधी तुले विचारतो. माहे बारा हजार नग कुठं गेले?"

टपरीवरचं बोलणं मेघापर्यंत केव्हाच आलं होतं. रुपरावांचा शेरा म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. मालकांनी तो ऐकला तर तिची नोकरी संध्याकाळपर्यंतही टिकली नसती. पण तिच्या हिशेबात कुठेच चूक नव्हती.

"बसा काका. मोबाइल द्या."

"आनखी एक," रुपराव बसता बसता म्हणाले. "पाच हजार चारशेच्या पुढं हे पॉइंट काय लिहिलं? नग कधी पॉइंटमध्ये राहते का? अर्धा नग म्हणजे फुटलेला नग."

मेघाला हसू आलं. "फुटलेला नाही, काका. महिन्याचे पैसे त्या दिवसाच्या भावाने भागायचे. शेवटी उरलेल्या पैशांत पूर्ण युनिट बसत नाही, मग तुकडा देतात. पैसा वाया जात नाही."

"म्हणजे शेअरसारखं?"

"शेअर एका कंपनीचा असतो. इथे हजारो लोकांचे पैसे एकत्र करून रोखे घेतात. त्या सगळ्या ढिगातला तुमचा वाटा युनिटांत मोजतात. मला एक सांगा. काल अमरावतीच्या गाडीतून काय उतरलं?"

"शिलाई मशीनचे दहा नग, चपलांचे चाळीस."

"वजन?"

"दोन्ही चार-चार क्विंटल."

"भाडं चपलांचं जास्त लावलं असेल."

"काहून?" रुपराव जवळजवळ चिडले. "भाडं वजनावर राहते, नगावर नाही. ट्रान्सपोर्टात बसून एवढंबी माहीत नाही तुले?"

"पण चपलांचे नग चौपट होते ना?"

"नग हलका हाये त जास्त राहणारच, पोरी."

बोलून झाल्यावर त्यांनी मेघाच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. मेघाने तो त्यांच्यापुढे सरकवला. शिकणारा दारापर्यंत आला की दार त्याचं त्यालाच उघडू द्यावं, एवढी समज तिला होती.

"माह्या नगाचं वजन किती?" रुपरावांनी हळूच विचारलं.

"एका युनिटचा आजचा भाव चाळीस रुपये. कवडूकाकांचा साडेबारा. तुमची योजना जुनी, भाव वाढत वाढत इथवर आलेला. तुम्ही शिरलात तेव्हाच तो बत्तीस होता. त्यांची नवी, दहावर सुरू झाली."

रुपरावांनी तोंडी गुणाकार केला. मग कवडूचा केला. मग रुपयांची ओळ वाचली. त्यांचे दोन लाख सोळा हजार, कवडूचे त्याहून अडीचशे जास्त.

"मंग उद्या खरंच कोणी चोरी केली, त मले समजन कसं?"

"भाव खाली-वर होईल, त्याला घाबरू नका. पण महिन्याचे पैसे जमा झाले की युनिट वाढलेच पाहिजेत. खात्याच्या खर्चापोटी थोडे युनिट कापतात, त्याची नोंद तिथेच दिसते. नोंदीहून जास्त कापलेले दिसले, तर मारा शेरा. मी स्वतः तुमच्यासोबत मालकांकडे येईन."

मालक आले तेव्हा गोदामाच्या दारात गाडी उतरत होती. बातमी त्यांनाही लागली होती. "रुपराव, त्या नव्या मुलीने पेन्शनमध्ये शॉर्ट केलं म्हणे?"

सगळे हमाल थांबले. रुपरावांनी सकाळच्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "नाही साहेब. तिचं काम बराबर हाये. म्याच वजन न पाहता शेरा मारला होता."

मालकांनी मान डोलावली आणि ते आत गेले.

"म्हणजे मी शेठ नाही?" शेजारच्या गोदामाच्या दारातून कवडूने विचारलं.

"हायेस ना गा. अडीचशे रुपयाचा."

हमाल हसले. त्यातल्या एकाने पाठीवरचं खोकं खाली ठेवलं, हात पुसले आणि खिशातून मोबाइल काढला. "काका, माहे युनिट पाहून द्या ना. लई कमी दिसून राहिले."

रुपरावांनी चष्मा लावला. "देतो. पण आधी सांग, तुह्या एका नगाचं वजन किती?"