मोरीतला नळ

संग्रहालयाच्या पायऱ्या चढून गेल्यावर काकांनी पुन्हा मागे वळून पाहिलं. काकू अजून खालीच होत्या. एका हाताने कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत येत होत्या. शेजारी त्यांची धाकटी बहीण.

"भाऊजी, पळताय कशाला? तुमचा फलक काही गाव सोडून जात नाही!" मेहुणी खालून ओरडली.

काका ओशाळले. ओशाळणं हा त्यांचा पिंडच होता. सगळी नोकरी छापखान्यात प्रूफं तपासण्यात गेली. दुसऱ्यांच्या चुका डोळ्यांत तेल घालून शोधल्या, पण स्वतःची म्हणावी अशी एक ओळ कधी छापून आली नाही. निवृत्त झाल्यावर ते गावाच्या इतिहासाच्या या लहानशा संग्रहालयात जाऊन बसू लागले. तिथे सगळे त्यांना काका म्हणत, तेव्हा आपणही काकाच म्हणू. संग्रहालयाच्या प्रमुख बाईंनी 'आजीच्या काळचं घर' असं नवं दालन उभारायला घेतलं आणि स्वयंपाकघराचा मजकूर काकांवर सोपवला. तो त्यांनी किती वेळा लिहिला आणि किती वेळा फाडला, ते त्यांनाच ठाऊक. आता तो भिंतीवर लागला होता. खाली त्यांचं नाव होतं.

काकूंनी तो वाचावा, एवढंच त्यांना हवं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात काकूंनी त्यांच्या कामाबद्दल वाईट शब्द काढला नव्हता; चांगलाही काढला नव्हता. तो आज कानावर पडला असता, तर काकांचं म्हातारपण गोड झालं असतं.

आत गेल्यावर मेहुणीने प्रत्येक काचेपाशी थांबून जुन्या टपालपेटीला, शिंप्याच्या गंजक्या कात्रीला आणि पुराच्या फोटोतल्या माणसांना नावं ठेवली. काका मनातल्या मनात चुळबुळत होते. शेवटी एकदाचं स्वयंपाकघर आलं.

रविवार असल्यामुळे तिथे मुलांचा कार्यक्रम चालू होता. एरवी लावलेला दोर काढून ठेवला होता. जुन्या वस्तू हातात घेऊन बघायच्या, जुनी कामं करून बघायची, अशी कल्पना. कोपऱ्यात सिमेंटची मोरी, तिच्यात जमिनीलगत पितळी नळ आणि नळाखाली पातेलं. मुलं एकेक करून उकिडवी बसत होती, तोल जाऊन एकमेकांच्या अंगावर पडत होती आणि खिदळत होती.

काकू मोरीपाशी थबकल्या.

"हा नळ तर आपल्या नळाएवढाच खाली आहे."

"मग! माप आपलंच दिलंय मी," काका हरखून म्हणाले. "नळवाल्याला अंदाज येईना. म्हणून नव्हतो का मी त्या दिवशी टेप घेऊन आलो? तू भांडी घासत होतीस बघ."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"ते याच्यासाठी होतं होय," त्या म्हणाल्या.

काकांना आधी काहीच कळलं नाही. मग हळूहळू तो दिवस आठवला. ते टेप घेऊन मोरीत वाकले होते. "जरा सरक," म्हणाले होते. काकू साबणाचे हात वर धरून सरकल्या होत्या. "नळ वर घेताय का?" असं त्यांनी विचारलं होतं. तोंडात पेन्सिल धरून काका म्हणाले होते, "बघू." दुसऱ्या दिवशी मोरीवरची फळी रिकामी झाली होती. तिच्यावरचे डबे कुठे गेले, हे त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं. आत्ता कळलं. नळ वर येणार म्हणून काकूंनी जागा करून ठेवली होती.

नळ वर घ्या, हे काकूंचं मागणं तसं जुनंच. पण त्यासाठी भिंत फोडायची तर पलीकडच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट हलवावं लागणार होतं. "कपाट हलवणं सोपं का आहे?" असं काकांनी एकदा म्हटलं आणि तो विषय तिथेच राहिला.

एव्हाना मेहुणीने चष्मा लावला होता. तिला मनात वाचायची सवय नव्हती. तिने मुलांनाही ऐकू जाईल अशा आवाजात फलक वाचायला घेतला.

"'त्या काळी नळ जमिनीलगत असे. घरातली बाई उकिडवी बसून भांडी घाशी, पाणी भरी. ती दिवसातून किती वेळा वाकली आणि उठली, याची दखल कुणी घेतली नाही. ते घर तिच्या गुडघ्यांवर उभं होतं. सुदैवाने ते दिवस आता गेले.'"

वाचता वाचता तिचा आवाज मंदावत गेला. शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचलं.

"कुठे गेले हो भाऊजी? आमच्या ताईकडे तर मुक्कामालाच आहेत!"

"गप गं," काकू म्हणाल्या.

काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात प्रमुख बाई लगबगीने आल्या.

"काकू! शेवटी आणलं तर काकांनी तुम्हाला. या ना, मुलांना दाखवा तरी, तेव्हा कसं करायचे ते."

"तेव्हा?" काकू म्हणाल्या.

त्यांनी पर्स बहिणीकडे दिली, कपडे सावरले आणि मोरीत बसल्या. मुलं भोवती जमली. काकूंनी घासणी पातेल्यात फिरवली, कडेखालची खाच अंगठ्याने साफ केली, चूळभर पाण्यात पातेलं विसळलं आणि निथळायला पालथं घातलं. सगळं इतक्या सहज, की मुलांना टाळ्या वाजवायलाही उशीर झाला.

"बघा मुलांनो," बाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांनीसुद्धा हात विसरले नाहीत!"

मेहुणीने तोंड उघडलं. काकूंनी खालूनच तिच्याकडे एक कटाक्ष टाकला, तसं तिने ते मिटलं. त्या मिटलेल्या तोंडाकडे बघून काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेहुणी बोलली असती तर बरं, असं त्यांना वाटलं. बायको आपली लाज राखतेय, तीही त्याच मोरीत बसून, हे काही त्यांच्याने सहन होईना.

पुढचे दात पडलेली एक मुलगी मोरीपाशी सरकली.

"आजी, आता तुमच्या घरी कसं आहे?"

काकू एका हाताने भिंत धरून उठत होत्या. आधी पूर्ण उभ्या राहिल्या.

"ते आजोबांना विचार," त्या म्हणाल्या. "माप त्यांनी घेतलंय."

सगळ्या माना काकांकडे वळल्या. काहीतरी हसण्यावारी नेता आलं असतं. पण काकांना विनोद कधी वेळेवर सुचला नव्हता.

"असंच," ते पुटपुटले.

"काय?"

"असंच आहे. आमच्या घरी. अजून."

मुलीने नळाकडे पाहिलं, मग फलकाकडे, मग काकांकडे.

"मग हे जुनं कसं?"

बाई हसायला लागल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. "चला, चला, पुढच्या खोलीत," असं म्हणत त्यांनी मुलांना हाकललं.

काकांचा हात सवयीने खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. फलकाजवळ जाऊन त्यांनी शेवटच्या वाक्यावर रेघ ओढली. फलक गुळगुळीत होता. पेन्सिल नुसतीच घसरली. त्यांनी जोर लावला, तसं तिचं टोक मोडलं.

"काका, तो नवाच छापावा लागेल," बाई हळूच म्हणाल्या.

"छापा. आणि खालचं माझं नाव काढा."

"नाव कशाला?"

काकांनी मोडकी पेन्सिल खिशात टाकली आणि ते दाराकडे वळले.

परतताना मेहुणी तेवढी बोलत होती. "ताई, तुझा नळ पोचला गं संग्रहालयात. तू तेवढी मागे राहिलीस." काकू हसल्या. काका त्यांच्या मागून चालत होते, मारकुट्या गुरुजींच्या वर्गात जाणाऱ्या पोरासारखे.

मेहुणी आपल्या घरी गेली. काकू आल्या तशा मोरीत बसल्या. सकाळची भांडी तशीच पडली होती. काका आपल्या खोलीत गेले आणि कपाटातली पुस्तकं काढून पलंगावर रचू लागले. पलंग भरला, खुर्ची भरली, मग जमिनीवर ढीग लागला. रिकामं कपाट त्यांनी खांद्याने रेटलं. ते करकरत सरकलं. इतकी वर्षं जे हलवणं अवघड होतं, ते एका म्हाताऱ्याच्या खांद्याने हललं, हे बघून त्यांना आणखीच कसंतरी झालं.

मग त्यांनी नळवाल्याला फोन केला.

"उद्या येतो की," नळवाला म्हणाला. "किती वर घ्यायचा, काका?"

काकांना आताची उंची तोंडपाठ होती. हवी असलेली माहीत नव्हती.

टेप घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"परत कशाला मोजताय?" मान वर न करता काकू म्हणाल्या. "तिकडे आहे की माप."

"ते नको. तुला किती वर हवा, ते."

काकूंचा हात थांबला. मग त्यांनी ओल्या बोटाने वर भिंतीकडे दाखवलं. रिकाम्या फळीच्या थोडं खाली एक आडवी रेघ होती. काकांच्याच निळ्या पेन्सिलीची. साबणाच्या शिंतोड्यांनी फिकट झालेली.

"तुम्ही मोजून गेलात ना, त्या दिवशीच केली," काकू म्हणाल्या. "म्हटलं, विचारलंत तर सांगायला असावी."

काका त्या रेघेकडे बघत राहिले. रोज हात धुवायला ते इथेच येत. काकू उठून बाजूला झाल्या. काकांनी टेपचं वरचं टोक रेघेपाशी धरायला त्यांच्या हातात दिलं आणि खालचं जमिनीला टेकवायला ते मोरीत उकिडवे बसले. ओल्या सिमेंटचा गारवा तळव्यांना लागला. नळ बरोबर तोंडासमोर आला. त्यांनी आकडा वाचला, मनात घोकला आणि उठायला गेले. गुडघ्यांनी साफ नकार दिला.

काकू वरून बघत होत्या.

"भिंत धरा," त्या म्हणाल्या. "आधी डावा पाय टेका. मग श्वास घेऊन उठा. मी तशीच उठते."