उंच सेजब्रशखालची माती

सकाळी सहा चाळीसला डेल उरियार्टेचा फोन आला. त्याच्या मुलीच्या घराच्या वरच्या उताराला रात्रीतून भेग पडली होती.

मातीच्या पाहणीचं काम करणारी व्हर्ना टोलमन साडेसातला पोचली. भेग शंभर पावलं लांबीची होती. तिने दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून टेप लावली. भेगेची रुंदी चार इंच.

"आलीस, मातीची डॉक्टरीण?" डेल धापा टाकत वर आला. सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले. "नाडी बघ आणि सांग, किती दिवस काढतोय हा डोंगर."

"कॉरीन कुठे आहे?"

"घरात, झोपलीय. बाळाने रात्रभर जागवलं. बाळंतपणात पोट शिवलं त्याला नऊ दिवस नाही झाले, आणि नवरा शुक्रवारपर्यंत खाणीवर. झोपू दे तिला."

घर सरळ खाली होतं, दोनशे पावलांवर. ट्रेलरवर लादून आणलेलं, फिकट निळं.

व्हर्नाने माती काढायचं गिरमिट फिरवायला घेतलं. पहिले तीन फूट काळसर पोयटा, भुसभुशीत, सुरेख. सेजब्रशचं झुडूप इथे डोक्याएवढं वाढलं होतं. ओवायहीच्या डोंगरात शेंबडं पोरसुद्धा सांगेल: झुडूप गुडघ्याएवढं तर खाली खडक, डोक्याएवढं तर माती खोल. चौथ्या फुटाला गिरमिट जड झालं. साडेचार फुटांवर ते जोर न लावताच खाली गेलं.

तिने ते उपसलं. टोकाला निळसर राखाडी चिकणमाती, ओलीचिंब, चकचकीत. बोट आणि अंगठ्यात दाबली तर तिची पट्टी निघत गेली. दोन इंच, तीन इंच, तुटेचना. आठवडाभर वितळणाऱ्या बर्फाचं पाणी या थरात मुरत नव्हतं, त्याच्या पाठीवरून वाहत होतं. वरचा सगळा उतार ओल्या साबणावर ठेवल्यासारखा बसला होता.

तिने गिरमिट खाली टाकलं.

"डेल, त्यांना बाहेर काढा. आत्ता."

"का गं? तूच लिहिलंयस ना मातीच्या नकाशात? सत्तेचाळीस नंबरची जमीन, खोल पोयटा, घर बांधायला योग्य. तो कागद बघूनच मी जागा ठरवली. आता ओल्या टाक्यांच्या पोरीला चिखलातून चालवू?"

"कागद चुकलाय."

"जरा बर्फ जास्त वितळलं की तुम्हा सरकारी माणसांचं धोतर सुटतं."

"मी इथे खणलंच नव्हतं." व्हर्ना म्हणाली. "चौदा वर्षांपूर्वी. पाहणीच्या मोसमाचा शेवटचा दिवस होता. समोरच्या कड्यावरून दुर्बीण लावली, सेजब्रश उंच दिसलं, नकाशावर रेघ ओढून मोकळी झाले. या बाजूला माझा एकही खड्डा नाही, डेल."

  पायाखाली कुठेतरी मुळं तटातटा तुटली. टेपवर सात इंच झाले होते.

तो म्हातारा त्या गुडघ्यांनी उतारावरून घराकडे धावत सुटला, व्हर्ना त्याच्या मागे.

दार उघडेना. घराखालची जमीन सरकली होती, चौकट तिरकी झाली होती.

"बाबा, ओढा ना!" आतून कॉरीन ओरडली. "भिंत करकरतेय!"

"खिडकीत ये! आधी बाळ दे!"

खिडकी अरुंद होती, छातीएवढ्या उंचीवर. गुंडाळलेलं बाळ बाहेर आलं. "मान धरा, मान!" कॉरीन सांगत होती. व्हर्नाने ते घेतलं. मग खिडकीत एक पाय दिसला, एक किंकाळी आली, आणि पाय परत आत गेला.

"नाही जमत, बाबा. फाटतंय."

"फाटू दे! टाके पुन्हा घालता येतात, पोरी! ये!"

ती पुन्हा चढली. पुन्हा आत पडली.

डेलने पहार आणून चौकटीत घातली. "तू बाळाला घेऊन नाल्यापलीकडे जा," तो मागे न बघता ओरडला. "परत आलीस तर याद राख."

व्हर्ना घराच्या बाजूचा नाला ओलांडून पलीकडे उभ्या केलेल्या आपल्या पिकअपमध्ये जाऊन बसली. तिने रुग्णवाहिकेला फोन लावला. गावाहून यायला एक तास दहा मिनिटं लागतील, फोनवरची बाई म्हणाली, आणि नाव विचारलं. व्हर्नाला स्वतःचं नाव सांगायला दोनदा प्रयत्न करावा लागला. बाळ तिच्या कोटाचं बटण चोखत होतं. समोर उतारावरची झुडपं वारा नसताना हलत होती, सगळी एकदम नाही, मधलीच तेवढी.

आठ सोळाला दार वीतभर उघडलं होतं. कॉरीन आत होती, डेल उंबऱ्यावर, आणि वरचा सगळा उतार सुटला.